डॉक्टर गिल्डर : रोग्यांकडून प्रजेकडे

डॉक्टराकडे रोगी आपण होऊन येतो. मंत्र्याला मात्र न मागितलेले औषध साऱ्या प्रांतास द्यावे लागते. मुंबईचे विख्यात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्या चरित्रात हा भेद विशेष ठळकपणे दिसतो.

१९३७ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य व अबकारी ही दोन्ही खाती त्यांजकडे आली. एका हाताने प्रजेचे आरोग्य राखावयाचे आणि दुसऱ्या हाताने दारूचे उत्पन्न मोजावयाचे, असा हा विचित्र योग! डॉक्टरांनी उत्पन्नावर पाणी सोडणे पत्करले. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. मद्यविक्रीच्या धंद्यात पारशी समाजाचे हितसंबंध मोठे होते, आणि डॉक्टर स्वतः पारशी! परंतु स्वकीयांच्या रोषापुढे ते नमले नाहीत.

हिंदुस्थानास न विचारता युद्धात ओढल्यामुळे त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९४३ साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या महात्माजींनी २१ दिवसांचा उपवास केला, तेव्हा येरवड्याच्या तुरुंगातून डॉक्टरांना तेथे नेण्यात आले. कालचा मंत्री बंदिवान होऊन पुन्हा रोग्याच्या उशाशी बसला! १९४६ साली ते पुनश्च आरोग्यमंत्री झाले.

चोरट्या दारूचा पुढील अनुभव पाहता, केवळ कायद्याने व्यसन सुटत नाही, असे आम्हांस वाटते. तथापि आपल्याच माणसांस कडू मात्रा देण्याचे डॉक्टरांचे धैर्य आम्ही थोर मानतो. लोकप्रियतेवर जगणाऱ्या मंत्र्यांत ते दुर्मिळच असते.