बिघा किती गुंठ्यांचा?

घरातील जुन्या पेटीत एखादी सनद निघते आणि तीत ‘जमीन चाहूर एक’ अशी अक्षरे वाचावयास मिळतात. मग घरच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : म्हणजे आजचे एकर किती? या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणारी कोष्टके पुष्कळ आहेत. आम्हांला ती फारशी भरवशाची वाटत नाहीत. का, ते हिशेबानेच पाहू.

शिवकालीन मोजणीची रीत कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत सांगितली आहे. काठी पाच हात आणि पाच मुठींची. हात चौदा तसूंचा. सगळी काठी ब्याऐंशी तसूंची. म्हणजे पाच हातांचे सत्तर तसू आणि पाच मुठींचे बारा. अशा वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जागा म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चाहूर किंवा चावर. येथवर सारे चोख आहे. प्रश्न एवढाच, की हात कोणाचा?

हात १८ इंचांचा धरला तर काठी सुमारे ८ फूट ९ इंच भरते, बिघा २८ गुंठ्यांहून थोडा अधिक आणि चाहूर ८५ एकरांचा. हात साडेएकोणीस इंचांचा धरला तर काठी साडेनऊ फूट, बिघा ३३ गुंठे आणि चाहूर जवळजवळ १०० एकर! दीड इंचाच्या फरकाने पंधरा एकर जमीन वाढली. लांबीतली चूक क्षेत्रफळात वर्ग होऊन उतरते, हे शाळेत शिकलेले गणित इनामदाराच्या दारात असे उभे राहते.

बरे, बिघा हा शब्द एक असला तरी माप एक नाही. इंग्रजी अमदानीत बंगालचा बिघा १,६०० चौरस यार्डांचा, म्हणजे सव्वातेरा गुंठ्यांचा ठरला. उत्तरेकडे इलाही गज ३३ इंचांचा ठरवून ३,६०० चौरस गजांचा बिघा धरला. तो बरोबर २५ गुंठे भरतो. तेव्हा उत्तरेकडचे कोष्टक उचलून दख्खनच्या सनदेला लावणारा मनुष्य आपल्याच पूर्वजांची जमीन कमी करून बसतो. आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी हलक्या जमिनीचे दोन-तीन बिघे मिळून आकारणीत एक धरण्याची चाल होती. अशा कागदातला बिघा जमिनीचा विस्तार सांगत नाही, तो सरकारचा वसूल सांगतो. त्याचे एकर करणे म्हणजे रुपयांचे शेर करण्यासारखे आहे.

याहून मागे गेले तर अडचण वाढते, पण गंमतही वाढते. नाशिकच्या पांडवलेण्यातील तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे. त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षी तेथील भिक्षूंना त्याने २०० निवर्तने शेत दिले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तीस दंडांचे निवर्तन घेतले आणि दंड सहा फुटांचा मानला, तर हे दान सुमारे १४९ एकरांचे होते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले दोनशे हातांच्या बाजूचे निवर्तन घेतले, तर ४१३ एकरांचे! लीलावती ११५० च्या सुमाराची, म्हणजे या लेखानंतर हजार वर्षांची. तिचे माप मागे नेऊन लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शिवाय चोविसाव्या वर्षीचा दुसरा लेख पाहावा. दिलेले शेत कोणी कसत नाही, गावही वसत नाही, म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने बदली देण्यात आली. निम्मीच जमीन, पण शहरालगतची. भिक्षूंचा तोटा झाला की फायदा, हे कोणतेही कोष्टक सांगणार नाही.

आमच्या भागात माप पक्के झाले ते इंग्रजी मोजणीत. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली आणि पुढे सातबाऱ्यावर हेक्टर व आर आले. गुंठ्यात १०१ चौरस मीटर आणि आरात १००, इतके ते जवळ आहेत. म्हणूनच की काय, प्लॉटाचा सौदा अजून गुंठ्यांतच होतो.

मग सनद हाती असणाऱ्याने करावे काय? आमचा सल्ला असा, की बिघ्यांचा आकडा क्षणभर बाजूला ठेवावा आणि चतुःसीमा वाचाव्यात. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गावची शीव, दक्षिणेस अमक्याचे शेत. काठीचा भरवसा नाही हे जुन्या कारकुनालाही ठाऊक होते. ओढा व शीव बहुधा अजून जागेवर असतात. समजा, तीस बिघ्यांच्या इनामाच्या चारी सीमा पटल्या आणि आतली जमीन आजच्या मोजणीने २२ एकर भरली. मग बिघा सवाएकोणतीस गुंठ्यांचा, काठी ८ फूट ११ इंचांची आणि हात सव्वाअठरा इंचांचा निघतो. त्या गावची काठी सापडली! शेजारच्या गावासाठी मात्र तिची पुन्हा परीक्षा घ्यावी.