आधी बाँजूर, मग खरेदी: पॅरिसच्या दुकानांचा इतिहास

गेल्या व्याख्यानानंतर दोघा-तिघांनी मला गाठून विचारलं, "सर, जूनमध्ये पॅरिसला चाललोय, कपड्यांची खरेदी कुठे करावी?" काय घ्यावं हे मला विचारू नका, माझा सदरा तुम्हाला दिसतोच आहे. पण पॅरिसच्या दुकानात शिरावं कसं, याला मोठा इतिहास आहे. तो मी एकदा अपमान झाल्यावर शिकलो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

१९८९ साली एका परिषदेसाठी मी पॅरिसला गेलो होतो. सौभाग्यवती बरोबर होत्या. सेन नदीच्या डाव्या तीरावर रेशमी रुमालांचं एक छोटं दुकान होतं. आम्ही आत गेलो, काही न बोलता मी एक रुमाल उचलला आणि उलगडून पाहिला. मालकीणबाई आल्या, माझ्या हातातून तो काढून घेतला, पुन्हा घडी घातली आणि पाठ फिरवली. एक शब्द नाही. आम्ही बाहेर पडलो. आमच्या रंगामुळे असं वागल्या, याबद्दल आम्हा दोघांना शंका नव्हती. संध्याकाळी परिषदेतल्या एका फ्रेंच सहकाऱ्याला हे सांगितलं, तर त्याने पहिला प्रश्न केला, "शिरताना बाँजूर म्हणालात का?" नव्हतो म्हणालो. तो म्हणाला, मग तुम्ही त्यांच्या घरात न विचारता शिरलात. यावर आमच्या सौं.नी विचारलं, "मग तिनं का नाही म्हटलं?" त्याला उत्तर देता आलं नाही. मलाही आजवर पुरतं देता आलेलं नाही. पण "घरात शिरलात" हे त्याचं वाक्य अगदी खरं होतं, आणि ते का खरं, हेच आज सांगायचं आहे.

पॅरिसमध्ये आजही दोन काळांतली दुकानं शेजारी शेजारी उभी आहेत. एक जुन्या काळातलं, म्हणजे बुटीक. दुसरं एकोणिसाव्या शतकातलं, म्हणजे ग्राँ मागासँ, मोठं भांडार. दोन्हींचे रीतिरिवाज वेगळे. पाहुण्याची फजिती होते ती एकाची रीत दुसरीकडे लावल्यामुळे.

जुनं दुकान कसं होतं? आपलं जुन्या पद्धतीचं साडीचं दुकान आठवा. तुम्ही गादीवर बसता, माल मागच्या कपाटात. दुकानदार विचारतो, काय दाखवू, कितीपर्यंत? मग एकेक घडी उलगडते. क्रांतीपूर्वीच्या पॅरिसमध्ये बहुतेक दुकानं याच जातीची. माल पेट्यांत आणि खणांत, किंमत कुठे लिहिलेली नाही. गिऱ्हाइकाची ऐपत आणि पायरी बघून भाव सांगितला जाई. आत शिरलात म्हणजे घेणार, असं गृहीत धरलेलं. 'नुसतं बघतोय' म्हणणाऱ्याला तिथे जागा नव्हती.

याच काळात रू सेंत-ऑनोरे या रस्त्यावर रोझ बेर्तँ या बाईंचं दुकान होतं. मारी आंत्वानेत राणीची टोप्या, फिती, झालरी यांची सगळी सजावट त्या करत. दुकानाचं नाव होतं 'ओ ग्राँ मोगोल', म्हणजे थोर मुघल! पूर्वेच्या वैभवाचं नाव लावलं की माल खपतो, हे तेव्हाही कळलेलं होतं. आणि त्याच फ्रान्सने १६८६ पासून १७५९ पर्यंत हिंदुस्थानी छापील सुती कापडावर बंदी घातली होती! तिथे त्या कापडाचं नावच 'अँदिएन', म्हणजे हिंदी बाई. देशी रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांचा धंदा बुडू नये म्हणून ही बंदी. तरी बायका ते चोरून वापरतच राहिल्या. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

दोन्ही काळांच्या मध्ये येतात ते पासाज, काचेच्या छताखालच्या गल्ल्या. पासाज दे पानोरामा १८०० सालचा. गालरी विविएन १८२० च्या दशकातली. पावसापाण्यात, चिखलात पाय न घालता लोक काचेमागचा माल बघत फिरू लागले. आमच्या विषयातला वाल्टर बेन्यामिन हा जर्मन विचारवंत याच गल्ल्यांवर वर्षानुवर्षं टिपणं काढत राहिला. १९४० मध्ये नाझींपासून पळताना स्पेनच्या सरहद्दीवर तो वारला आणि पुस्तक अपुरंच राहिलं. या गल्ल्या आजही आहेत. तिथे जरूर जा, खरेदी नाही केली तरी चालेल. त्या बांधल्याच आहेत रेंगाळण्यासाठी.

आता मोठा बदल. आरिस्तीद बूसिको हा नॉर्मंडीकडच्या एका टोपीवाल्याचा मुलगा. १८५२ मध्ये तो 'ल बाँ मार्शे' या दुकानात भागीदार झाला. नावाचा अर्थच 'स्वस्त'. त्याने चार गोष्टी एकत्र केल्या. किंमत मालावर लिहिलेली आणि सगळ्यांना सारखी. आत यायला मुभा, घेतलंच पाहिजे असं नाही. नफा थोडा, खप मोठा. आणि पसंत नसेल तर माल परत. यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या आधी कुणी ना कुणी करून बघितली होती, तेव्हा त्याला शोधाचं सगळं श्रेय देऊ नका. पण चारी एकत्र आल्यावर जे झालं ते अजब होतं. १८५२ मध्ये विक्री सुमारे साडेचार लाख फ्रँक होती, ती १८६० मध्ये ५० लाखांवर गेली. पुढे त्याने नवी भव्य इमारत उठवली. तिच्या लोखंडी कामात आयफेलचा हात होता, तोच टॉवरवाला. १८६५ मध्ये 'प्रँताँ' निघालं, मग इतर. 'गॅलरी लाफायेत'चा तो प्रसिद्ध रंगीत घुमट १९१२ चा.

मला त्या चारांत सगळ्यांत मोठी वाटते ती आत येण्याची मुभा. शिक्षिका, कारकुनाची बायको, मोलकरीण, कुणीही आत येऊन रेशमाला हात लावावा. किमतीच्या चिठ्ठीपुढे सरदारीण आणि शिंपीण सारख्या. समतेच्या गोष्टी क्रांतीने सांगितल्या. दुकानाच्या दारात ती आणली एका व्यापाऱ्याने, नफ्यासाठी. आमचा अपमान झाला त्याच दुपारी आम्ही बाँ मार्शेत गेलो होतो. तासभर हिंडलो, कुणी हटकलं नाही. बायकोने हातरुमाल घेतले. ती मुभा काय असते हे मला तेव्हा अंगावर कळलं.

पण तिची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. या भांडारातल्या विक्रेत्या मुली सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या असत. झोलाने १८८३ मध्ये अशाच भांडारावर अख्खी कादंबरी लिहिली, त्यात त्यांचे हाल आहेत. १९०० च्या डिसेंबरात फ्रान्सला चक्क खुर्च्यांचा कायदा करावा लागला: दुकानात जितक्या बायका कामाला, तितक्या बसायच्या जागा ठेवा. विचार करा, बसायला कायदा लागतो!

आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे बोलणं. गादीवर बसून तुम्ही विचारू शकत होता, हे कुठलं, कुणी विणलं? चिठ्ठी किंमत सांगते, माणूस सांगत नाही. त्याच सुमारास, १८५८ मध्ये, चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रजाने रू द ला पे इथे शिवणघर काढलं आणि कपड्याच्या आत स्वतःच्या नावाची पट्टी शिवायला लागला, चित्रकार सही करतो तशी. टाके घालणाऱ्या बायकांचं नाव तिथे नव्हतं. आजही नसतं. पॅरिसच्या बड्या घरांचं कितीतरी भरतकाम आपल्या मुंबईत होतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ३० मार्च २०२३ ला दिओरने गेटवे ऑफ इंडियापाशी शो केला, भलंमोठं भरतकामाचं तोरण उभारलं आणि मुंबईच्या चाणक्य या कारखान्याचं नाव उघडपणे घेतलं. चांगलं केलं. पण कारखान्याचं नाव घेणं आणि कारागिराचं नाव घेणं यात अजून अंतर आहे.

आता जाणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. छोट्या दुकानात शिरताना "बाँजूर मादाम" किंवा "बाँजूर मस्यू", निघताना "मेर्सी, ओरव्हार". घडीला हात लावण्याआधी विचारा. मोठ्या भांडारात हे सगळं सैल असतं. घासाघीस दोन्हीकडे करू नका. ती हौस सँतुअँच्या जुन्या बाजारात भागवा, शनिवार-रविवार-सोमवार. सेल, म्हणजे 'सॉल्द', तिथे कायद्याने ठरतो: वर्षातून दोनदा, चार-चार आठवडे. उन्हाळ्यातला साधारण जूनअखेरच्या बुधवारी सुरू होतो, हिवाळ्यातला जानेवारीत. तेव्हा जूनवाल्यांनी तिकीट जरा पुढे ढकललं तर फायदाच. माल परत घेणं बूसिकोने रूढ केलं खरं, पण वस्तूत दोष नसेल तर दुकानदारावर तसं बंधन नाही. पैसे देण्याआधी विचारून घ्या. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना १०० युरोंच्या वर खरेदीवर कर परत मिळतो. दुकानात पासपोर्ट दाखवून कागद करून घ्यायचा आणि परतताना विमानतळावरच्या यंत्रात तो स्कॅन करायचा. सामान आत देण्याआधी, बरं का. आणि रस्त्यावरच्या नकली पर्शी घेऊ नका. घेणाऱ्यालाही तिथे दंड होतो.

बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघं परत गेलो. या वेळी बायकोने एका छोट्या दुकानात शिरतानाच खणखणीत "बाँजूर मादाम" म्हटलं. बाईंनी तसंच उत्तर दिलं, खुर्ची दिली, तीन-चार रुमाल उलगडले. एकावर बारीक भरतकाम होतं. सौं.नी विचारलं, "हे कुणी भरलं?" बाईंनी आतली पट्टी वाचून दाखवली. "ते नाव दुकानाचं," ही म्हणाली, "भरणारीचं विचारते." बाई जरा गोंधळल्या, मग हसून म्हणाल्या, हे मला कधी कुणी विचारलंच नाही. रुमाल फार महाग होता, घेतला नाही. मेर्सी, ओरव्हार दोघींनी म्हटलं.

वेळ झाली. कर परताव्याचा फॉर्म ज्यांना समजून घ्यायचाय त्यांनी थांबा, माझ्याकडे जुना एक आहे.