पोलीस कोठडीतील मारहाण
कबुली किंवा माहिती काढण्यासाठी ताब्यातील माणसावर केलेला बेकायदा बळाचा वापर. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही, तरी ‘थर्ड डिग्री’ थांबलेली नाही.

पश्चिम बंगालमधील विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांच्या कोठडीतील मृत्यूंविषयीच्या १९८६ च्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अकरा नियम घातले : अटकेच्या नोंदीवर साक्षीदाराची सही, नातलगांना खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. नियम चोख, पण ते पाळायचे अटक करणाऱ्या ठाण्यानेच! २०२० मध्ये तमिळनाडूतील सातानकुलम येथे टाळेबंदीत दुकान उशिरापर्यंत उघडे ठेवल्याच्या आरोपावरून पकडलेले बापलेक कोठडीतील अमानुष मारहाणीनंतर दगावले.

अशा प्रकरणांची चौकशी खात्याबाहेरच्यांनीच करायला हवी. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणांचा आदेश दिला. महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त केला.