एका भूपाळीचे अनेक श्रोते

‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या देवाला जागवण्यासाठी म्हटली गेली. देवघरात ती ऐकणाऱ्याला शेवटच्या कडव्यात नाव घेणारा होनाजी कृष्णाचा भक्तच वाटणार. पण होनाजी हा उत्तर पेशवाईतला पुण्याचा शाहीर, जातीने गवळी. त्याची कवने फडावर बाळा करंजकर गात असे, आणि या जोडगोळीचा लौकिक झाला तो मुख्यतः शृंगारिक लावण्यांमुळे. त्या लावण्यांच्या शेवटीही हेच नाव येते. तेव्हा केवळ नाममुद्रेवरून या गाण्याला निखळ भक्तिगीत ठरवता येत नाही. देवघरातला श्रोता चुकला, असाही याचा अर्थ नव्हे. कारण वेगवेगळ्या श्रोत्यांना जे ऐकू आले, ते सगळे होनाजीने त्या कवनात खरोखरच घातलेले आहे.

कवन नीट वाचावे. त्यात कृष्णाला उठवले आहे, पण कशासाठी? गाई हंबरत आहेत, वासरे पिण्यासाठी खोळंबली आहेत, धार काढायची वेळ झाली आहे. पक्षी झाडांवरून चरायला उडाले, यात्रेकरू वाटेला लागले, सडासंमार्जन उरकून गोपी घागरी घेऊन यमुनेवर निघाल्या. ही गवळीवाड्याची पहाट आहे, आणि ती गवळ्यानेच लिहिली आहे. गोठ्यात राबणाऱ्याला यात स्वतःचे काम दिसते, सडा घालणाऱ्या बाईला तिचे अंगण, आणि पूजेला बसलेल्याला गोकुळ. कृष्णच गवळ्याघरचा असल्यामुळे यातला एक अर्थ धरला तरी दुसरा सुटत नाही. होनाजीची खरी थोरवी मला इथे दिसते.

पुढे 1951 साली व्ही. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’ने याच शब्दांना आणखी एक श्रोतृवर्ग दिला. वसंत देसाईंचे संगीत, पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांचे आवाज. चित्रपटात होनाजीच्या कथेला नायिकेची जोड असल्याने स्त्रीचा सूर मिसळताच भूपाळीला प्रीतीची छटा आली. कान महोत्सवात या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला. ज्यांना मराठी येत नव्हते, त्यांनी या गाण्यांचा नादच ऐकला असणार.

मग वाटेल तो अर्थ लावावा का, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे, पण या गाण्याला लागू पडत नाही. त्यातली वेळ कोणालाही बदलता आलेली नाही. रात्रीच्या खेळाला चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकासमोरही पहाटच उभी राहते. ‘प्रीतीची छटा चित्रपटाने बाहेरून आणली’ हा आक्षेप मात्र अर्धाच खरा आहे. यमुनेच्या वाटेवरच्या गोपी मूळ कवनात आहेतच. आणि गोपींचे कृष्णाशी नाते केवळ पूजेचे आहे, असे मराठी गवळण गाणाऱ्यांनी कधीच मानलेले नाही.