अलेग्रो म्हणजे नेमकं किती?

'अलेग्रो' या इटालियन शब्दाचा अर्थ आनंदी. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मात्र तो जलद लयीची खूण झाला. आपल्या द्रुत-विलंबितसारखाच हा शब्द. किती जलद, ते तो सांगत नाही. बीथोव्हेनला तर असे शब्द निरर्थकच वाटू लागले होते.

१८१५ साली मेल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं. (मूळ युक्ती ॲम्स्टरडॅमच्या विंकेलची, नाव झालं मेल्झेलचं.) साध्या लंबकाच्या प्रत्येक झोक्याला एक ठोका धरला, तर मिनिटाला ४० ठोक्यांसाठी दोरी सुमारे सव्वादोन मीटर लागते. वर्गात करून पाहा! विंकेलने दांडीवर आसाच्या खाली एक वजन लावलं आणि वर दुसरं. दोन्ही एकमेकांना जवळजवळ तोलतात, म्हणून वीतभर दांडीही सावकाश डुलते. वरचं वजन खाली सरकवलं की लय वाढते.

१८१७ मध्ये बीथोव्हेनने आपल्या आठ सिंफनींचे आकडे छापले. पण त्यातले कित्येक वादकांना अवास्तव जलद वाटतात. त्याचं यंत्र बिघडलं होतं का? २०२० साली माद्रिदच्या दोन संशोधकांनी यंत्राचं गणित मांडून वेगळंच सुचवलं. तो आकडा वजनाच्या वरच्या कडेऐवजी खालच्या कडेशी वाचत असावा! ब्युरेटमधली पातळी कुठून वाचायची हे दरवर्षी नव्याने सांगणाऱ्या शिक्षकांना याचं नवल वाटू नये. नवव्या सिंफनीच्या हस्तलिखितावर त्याने लिहून ठेवलंय, '१०८ किंवा १२०'. वजनाच्या दोन कडांमध्ये साधारण एवढंच अंतर पडतं.