हिशेबनिसाची लेखणी

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे पालकांची पावलें प्राध्यापकांच्या घराकडे वळूं लागतात, आणि त्यांतील कोणीतरी हमखास विचारतो : "मुलास हिशेबनिसाच्या धंद्यांत घालावें काय ?" विचारणाराच्या मनांत प्राप्तीचा हिशेब असतो, आणि तो असावाही. परंतु या धंद्याचें खरें मोल समजण्यास थोडें मागें पाहिलें पाहिजे. आणि त्यासाठीं आपणांस महाराष्ट्राबाहेर जाण्याचें कारण नाहीं.

१६७४ सालीं शिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला, तेव्हां राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या मुजुमदारास अमात्य ही संज्ञा मिळून अष्टप्रधानांत स्थान लाभलें. पुढें पेशवाईंत नाना फडणीस (१७४२–१८००) राज्याचे सूत्रधार झाले, तरी ज्या पदाच्या नांवानें इतिहास त्यांस ओळखतो तें पद मूळचें दप्तराचें व हिशेबाचेंच होतें.

तथापि याहून बोधप्रद व्यवस्था दरबारांत नव्हे, तर मामलतदाराच्या कचेरींत आढळते. वसूल करणारा मामलतदार. परंतु त्याच्याजवळ दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस इत्यादि दरकदार बसलेले असत. पत्रांवर व हुकुमांवर दिवाणाची निशाणी लागे. हिशेबाचे कागद मुजुमदाराच्या नजरेखालून गेल्यावांचून फडणिसाकडे जात नसत. फडणीस त्यांवर तारीख घालून रोजचा जमाखर्च लिही. आणि रोकड पोतनिसाच्या हातीं असे. मुख्य गोष्ट ही कीं, या दरकदारांस दूर करण्याचा अधिकार मामलतदारास नव्हता. त्यांचीं पदें बहुधा वंशपरंपरेचीं असत. ज्याचा हिशेब तपासावयाचा त्याच्या मर्जीवर तपासणाराची भाकरी अवलंबून नव्हती.

असें असतांही ही व्यवस्था किडली, व ती कशी किडली हें एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत नमूद करून ठेविलें आहे. मामलतींच्या हिशेबांत 'दरबारखर्च' अथवा 'अंतस्थ' या नांवाची एक बाब असे. मंत्र्यांस व हिशेब तपासणारांस गुप्तपणें द्यावयाचा हा पैसा. हळूहळू ही लांच ठराविक हक्कच बनली, आणि इतर बाबींप्रमाणें तिचाही रीतसर हिशेब तपासला जाऊं लागला ! मग नव्या लांचेसाठीं रयतेवर नवी पट्टी बसली. तपासणारेच वांटेकरी असल्यामुळें या नाजूक बाबींत कोणी खोल शिरेना. पुढें दुसऱ्या बाजीरावानें मामलती मक्त्यानें देण्यास आरंभ केला, तेव्हां उरलासुरला धाकही गेला. कागद शेवटपर्यंत सुबक राहिले. नाहीसा झाला तो नकार देणारा हात.

इंग्रजी अमदानींत हेंच काम नव्या रूपानें पुढें आलें. १९१३ सालीं मुंबईस सिडनहॅम कॉलेज निघालें. त्याच वर्षींच्या कंपनी कायद्यानें तपासनिसास सरकारी प्रमाणपत्र आवश्यक ठरविलें. १९१८ पासून मुंबई सरकारची हिशेबशास्त्राची पदविका सुरू झाली. आणि १९४९ च्या कायद्यानें १ जुलै रोजीं सनदी लेखापालांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. जन्माच्या जागीं परीक्षा व उमेदवारी आली. कुळाची अट गेली. हा लाभ निःसंशय मोठा आहे.

परंतु एक गोष्ट उलटी झाली. दरकदाराची नेमणूक हुजुरांतून होई. आजच्या तपासनिसाचें वेतन बहुधा ज्या कंपनीचे हिशेब तो तपासतो तिच्याच तिजोरींतून येतें. सत्यम कंपनीच्या अध्यक्षानें जानेवारी २००९ मध्यें स्वतःच कबूल केलें कीं, ताळेबंदांत दाखविलेले सुमारे ५,००० कोटी रुपये अस्तित्वांतच नाहींत. त्या ताळेबंदांवर तपासनिसांच्या सह्या होत्या. त्यानंतर कायद्यानें तपासनीस ठराविक मुदतीनें बदलण्याचें बंधन अनेक कंपन्यांवर घातलें, आणि त्यांवर देखरेख करणारें राष्ट्रीय प्राधिकरण २०१८ मध्यें नेमलें गेलें. हें योग्यच झालें. पण अंतस्थाच्या काळींही नियमांची उणीव नव्हती.

म्हणून त्या पालकास माझें उत्तर असें असतें : मुलास अवश्य घालावें. बेरीज-वजाबाकी तो शिकेलच, परीक्षाही देईल. मात्र घरांतून त्याच्याबरोबर एक गोष्ट पाठवावी, ती म्हणजे सही न करण्याचें धैर्य. तेवढें असल्यास तो या धंद्यास शोभेल. नसल्यास सुंदर अक्षरांत अंतस्थ लिहिणारा आणखी एक कारकून वाढेल, इतकेंच.