ठासणीच्या बंदुकीची दारू : वऱ्हाडातील एक मागोवा

आपल्या ज्ञातीतील जी घराणी अमरावती व अकोला या जिल्ह्यांत पिढ्यान्पिढ्या शेती करून राहिली, त्यांपैकी अनेकांच्या ओसरीवर एके काळी ठासणीची एकनळी बंदूक खुंटीला टांगलेली असे. विजयादशमीस तिला हळदकुंकू लागे. आणि जवारीचे कणीस भरू लागले की तीच बंदूक जागलीसाठी वावरात जाई. आता अशा बंदुका थोड्याच उरल्या आहेत. परंतु ज्या उरल्या आहेत त्यांच्यासंबंधाने तरुण मंडळी एक प्रश्न वारंवार आम्हांस विचारतात : जुनी काळी दारू मिळत नाही, मिळाली तरी धूर फार करते, नळी घाण करते, मग आजच्या काडतुसातील दारू हिच्यात का भरू नये? या प्रश्नाचे उत्तर या दारूच्या इतिहासातच असल्यामुळे तो थोडक्यात येथे देण्याचे योजिले आहे.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण. त्यात सुमारे तीन चतुर्थांश सोराच. सोरा हवेतील ओल धरतो, म्हणून ही दारू सांभाळणे हे पूर्वी एक शास्त्रच होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर असावा आणि दारू वेळोवेळी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशी ताकीद आहे. आपल्या वऱ्हाडास या दारूची ओळख गाविलगड व नरनाळा या दोन किल्ल्यांनी करून दिली. नरनाळ्यावरील नऊगजी तोफ ज्यांनी पाहिली आहे, त्यांस तिच्या पोटात किती दारू जात असेल याची कल्पना येईल. १८०३ सालच्या २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई झाली, आणि लगेच इंग्रजांनी गाविलगडास वेढा दिला. कर्नल स्टीव्हन्सनच्या माणसांनी जड तोफा सातपुड्याच्या वाटांनी ओढीत गडाच्या उत्तर अंगास नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला आणि किल्लेदार बेनीसिंग मारला गेला. त्या दिवशी तटावरून काय आणि तटाखालून काय, जे काही उडाले ते सर्व याच काळ्या दारूच्या बळावर. दोन्ही पक्षांच्या दारूत जातीचा भेद नव्हता.

किल्ल्यांचे दिवस सरले. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत हत्यारांचा कायदा आला, आणि हत्यार बाळगणे परवान्याखाली गेले. तरीही मेळघाटच्या पायथ्याशी रानडुकरे व रोही एका रात्रीत उभे पीक झोपवीत, म्हणून पीकरक्षणासाठी शेतकऱ्याच्या हाती ठासणीची बंदूक राहिली. तत्पूर्वी तिच्या रूपात एक फरक झाला होता. तोड्याच्या बंदुकीला जळता तोडा आणि कानात रंजक लागे. पावसाळी रात्री दोन्ही दगा देत. १८०७ साली फोर्सिथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्रीने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा चाप आपल्या नावे नोंदविला. रंजकाचा भडका दिसताच पाखरे उडून जातात, ही त्या शिकारी धर्मोपदेशकाची तक्रार होती असे सांगतात! त्यातूनच पुढे तांब्याची टोपी निघाली आणि आपल्या आजोबा-पणजोबांची 'टोपीची बंदूक' आली. पण चाप बदलला तरी दारू तीच राहिली, हे ध्यानात ठेवावे.

दारू बदलली ती १८८४ साली. फ्रान्समधील पॉल व्हिएय यांनी नत्राम्लाने संस्कारित केलेल्या कापसापासून बिनधुराची दारू तयार केली. १८८७ साली आल्फ्रेड नोबेल यांची आणि १८८९ साली इंग्रजांची 'कॉर्डाइट' ही दारू आली. कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडाने ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी, की नव्या युगाची दारू मुळात कापसातून निघाली. नीलगिरीतील अरुवनकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी कॉर्डाइटचा कारखाना निघाला. आणि आपल्या विदर्भात भंडाऱ्याजवळ १९६४ साली आयुध निर्माणी स्थापन झाली. तेथील शिकलेले, दक्ष कामगारही या पदार्थांपुढे नेहमीच सुरक्षित राहत नाहीत. २०२५ सालच्या जानेवारीत तेथे झालेल्या स्फोटात कित्येकांचे प्राण गेले, ते वाचकांच्या स्मरणात असेलच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने, म्हणजे धूर आणि काजळी होऊन, उरतो. वायू त्या मानाने थोडा होतो. बिनधुराची दारू जवळजवळ सगळीच वायुरूप होते, आणि तेवढ्याच वजनात सुमारे तिप्पट वायू देते. याहून महत्त्वाचा भेद जळण्याच्या रीतीत आहे. नव्या दारूभोवती दाब वाढला की तिचे जळणे वाढते, आणि जळणे वाढले की दाब आणखी वाढतो. काळ्या दारूत हा चढ फार कमी असतो. गज मारून घट्ट ठासलेला बार म्हणजे नव्या दारूला हवी तशी बंदिस्त कोठडीच होय.

फसवणूक होते ती येथे. उघड्यावर चिमूटभर काळी दारू पेटवली तर ती 'फस्स' करून क्षणात उडते. नवी दारू मात्र पिवळ्या ज्योतीने संथ जळत राहते. पाहणाऱ्यास वाटते, ही तर हिच्याहून नरम! अकोट तालुक्यातील आमच्या नात्यातील एका गृहस्थांनी सुमारे चाळीस वर्षांपूर्वी हीच परीक्षा अंगणात केली, समाधान करून घेतले, आणि काडतुसे फोडून त्यातील दारू जुन्याच मापाने वडिलार्जित बंदुकीत भरली. नळी बुडाशी फाटली. डाव्या हाताची तीन बोटे गेली. डोळा वाचला तो नशिबाने. ते आज हयात नाहीत, परंतु लग्नकार्यात पंगतीला बसताना ते डावा हात उपरण्याखाली ठेवीत, हे पाहिलेले अनेकजण या स्मरणिकेचे वाचक आहेत.

नळी फाटते याचे कारण तिच्या घडणीत आहे. जुन्या नळ्या पुष्कळदा लोखंडाच्या पट्ट्या सळईभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून सांधलेल्या असत. लोहाराचा हात कितीही चांगला असो, सांधा तो सांधाच. त्यात शंभर वर्षांचा गंज आतून पोखरीत असतो. इंग्लंडात लंडन व बर्मिंगहॅम येथे नळ्यांची परीक्षा करून ठसा मारणाऱ्या संस्था आहेत. तेथे नव्या दारूची परीक्षा निराळी घेतात. आपल्या घरातील बंदुकीवर विलायती ठसा असला तरी तो काळ्या दारूपुरताच असू शकतो, हे विसरू नये.

अमेरिकेत हौशी लोकांसाठी काळ्या दारूच्या जागी वापरता येईल असा 'पायरोडेक्स' नावाचा पदार्थ १९७० नंतरच्या दशकात निघाला. त्याचे गमक असे, की त्याचा दाब काळ्या दारूसारखाच राहावा अशी त्याची मुद्दाम रचना केलेली आहे, आणि तो वजनाने नव्हे तर आकारमानाने मोजतात. तथापि तो पेटावयास उष्णता अधिक लागते, म्हणून तोड्याच्या व चकमकीच्या बंदुकीत तो नीट पेट घेत नाही. काडतुसातील दारूशी त्याचा काही संबंध नाही. दोन्ही 'नवीन' आहेत एवढ्यावरून त्यांस एकाच पंक्तीस बसविणे हा शुद्ध अडाणीपणा होय.

कायद्याचेही दोन शब्द सांगणे भाग आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम १९६२ पासून अमलात आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात; वडिलोपार्जितही त्यातच मोजतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर रोही किंवा डुक्कर पिकात आले तरी परवानगीवाचून त्यावर बार टाकता येत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांस ती बहुधा पूजेपुरतीच उरणार.

पूजेपुरती असली तरी एक गोष्ट पाहून घ्यावी. काळी दारू कोरडी राहिली तर कैक वर्षे नासत नाही. म्हणून आजोबांनी जागलीहून परतून भरलेली तशीच टांगलेली बंदूक आजही भरलेली असू शकते. जाणते लोक यासाठी गज नळीत अलगद बुडापर्यंत सोडीत, तोंडाशी नखाने खूण करीत, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहत. खूण टोपीच्या कानापर्यंत न पोचता चार बोटे अलीकडे राहिली, तर आत बार आहे असे समजत. असा बार घरी उकरून काढू नये. टोपी न लावता, नळीचे तोंड माणसांपासून वळवून, ती परवानाधारक बंदूक-कारागिराकडे न्यावी. एकदा रिकामी झाली की नळीत कढत पाणी ओतावे, कारण काळ्या दारूची काजळी पाण्यानेच सुटते. मग फडक्याने कोरडी करून आतून तेलाचा हात फिरवावा.